आचलच्या ताटातला भात

१४ ऑगस्ट

बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आजवर फडताळात कोरी पडून होती. मला लिहायची सवय नाही. आज लिहितो, कारण तोंड उघडलं तर शिव्याच निघतील आणि घरात लेकरू आहे.

आचलला घेऊन गोंदियाला गेलो होतो. आमची एकुलती एक पोरगी, तिसरीत आहे. उन्हाळ्यापासून डोळे मिचकावते. आधी वाटलं धूळ गेली असेल. मग मान एका अंगाला झटकू लागली, आणि आता घशातून आवाज काढते, हुं, हुं. मुद्दाम करत नाही. विचारलं तर म्हणते, "आपोआप होते बाबा."

डॉक्टरने तिला तपासलं, तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या आणि मग मला एकट्याला सांगितलं, "टिक्स है. बहुत बच्चों को होता है. कभी कम होगा, कभी ज्यादा. बच्ची को टोकना मत, उस तरफ ध्यान ही मत देना. तकलीफ बढ़ी तो दवा है, अभी जरूरत नहीं." मी विचारलं, खाण्यापिण्यातून होतं का? तर म्हणे, "ऐसा कुछ पक्का नहीं है. अच्छा खिलाओ, अच्छे से सुलाओ."

ध्यान मत देना! मी दवनीवाड्याच्या कृषी केंद्रात कामाला आहे. शेतकरी धानाचा चूड, सगळ्या फुटव्यांचा झुबका, मुळासकट उपटून आणतो, काउंटरवर ठेवतो, मी बुंधा फाकवून पाहतो आणि सांगतो, खोडकिडा आहे, करपा आहे, तुडतुडे आहेत. त्याला मी म्हटलं की दादा, तिकडे पाहूच नको, तर तो पुन्हा पायरी चढेल का? धानाचं साधं असतं. रोज बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरायचं आणि वाकून चुडात पाहायचं. बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून पीक पाहणाऱ्याच्या घरी दाणा नाही, तणसच येते, असं माझा बाप म्हणायचा.

रोग आहे म्हणजे कारण आहे. मी ते शोधून काढीन.

१८ ऑगस्ट

मोबाईलवर पुष्कळ वाचलं. काही बायका व्हिडिओत सांगतात की खाण्यातला रंग, मैदा, दूध, वास, धूर, कशानेही होऊ शकतं. डॉक्टरला नाही कळलं ते यांना कळतं, कारण या आया आहेत.

पाकिटातलं लाल-पिवळं खाणं सगळं बंद केलं. टीव्ही बंद, अगरबत्ती बंद, मच्छरची कांडी बंद. डिंपल भांडी घासता घासता म्हणाली, "सगळं एकदमच बंद कराल त कशानं होते ते समजल कसं? दुकानात लोकाइले एकाच टायमाले दहा दवा मारा म्हनता का?"

बायकोने धंद्यातलं शिकवावं याचा राग आला, पण बोलली बरोबर. आता एकेक काढायचं. आधी पाकिटं.

जेवताना मी आचलच्या समोर बसतो. कोणत्या घासानंतर सुरू होतं ते पाहायला. लेकरू शहाणं आहे, माझ्याकडे पाहत पाहत जेवते.

२६ ऑगस्ट

सापडलं! पाकिटंच होती.

गेला आठवडा दुकानात पाणी प्यायलासुद्धा फुरसत नव्हती. तुडतुड्यांनी सगळीकडे धूम मांडली आहे. घरी येईस्तोवर आचल झोपलेली असायची. पण डिंपल म्हणते, खूपच कमी आहे, परवा तर दिवसभर दिसलंच नाही. माय पण तेच म्हणते. आनंदाने दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. योगराज, आमच्या दुकानातला हमाल, म्हणाला, "पोरगं झालं का गा भाऊ?" मी म्हटलं, तसंच समज.

उद्या सुट्टी घेतली आहे. दिवसभर पोरीजवळ बसणार.

२८ ऑगस्ट

काल सकाळपासून तिच्याजवळ होतो. अंघोळ, वेणी, जेवण, सगळं डोळ्यांसमोर. दुपारपर्यंत इतकं वाढलं की मान झटकून झटकून ती रडायला लागली. असं आजवर झालं नव्हतं.

काय गेलं पोटात? फार डोकं खाजवल्यावर आठवलं. गणपतीचा प्रसाद, केशरी बुंदी. रंगच तो! तेवढाच वेळ मी आत बसून राहिलो आणि शेजारच्यांनी तिच्या हातावर ठेवली. आता तिने कोणाकडे काही खायचं नाही. तिला शपथ घातली.

६ सप्टेंबर

रंग बंद, तरी चालूच आहे.

लाखोळीचं मला आधीच सुचायला पाहिजे होतं. या डाळीवर सरकारने एके काळी बंदी घातली होती, त्याने माणसाच्या नसा जातात म्हणून. आमच्याकडे धान निघाला की त्याच बांधीत लाखोळी, वर्षभर तिचं वरण आणि तिचेच वडे. मी घरात शिरलो तेव्हा माय नेमकी वडेच तळत होती.

"आजपासून लाखोळी बंद," मी म्हटलं.

"तुया बापानं जलमभर लाखोळी खाल्ली. त्याचे डोरे मिचकले का?"

"नसा जातात त्यानं, माय."

"अकाल पडला तवा लोकाइनं नुसती तेच खाल्ली, त्याइचे पाय गेले. आपन काय लाखोळीवर जगून राहिलो? कायले पोरीच्या ताटाच्या मागं लागला तू?"

मी कढई उचलून मागे नेली आणि वडे कोंबड्यांना टाकले. आचल दारात उभी राहून पाहत होती. तिला वडे फार आवडतात. तिने हट्ट केला नाही, फक्त हुं, हुं करत राहिली.

१६ सप्टेंबर

कारण माझ्याच अंगावर होतं आणि मी जगभर शोधत होतो. दिवसभर औषधांच्या डब्यांत बसतो, तो वास कपड्यांना, केसांना. घरी आलो की आचल धावत येऊन कमरेला मिठी मारायची. म्हणजे रोज मीच तिला ते देत होतो.

आता मी आधी गोठ्याजवळ कपडे काढतो, तिथेच अंघोळ करतो, मग घरात शिरतो. तिला बजावलं आहे की बाबा अंघोळ करेपर्यंत जवळ यायचं नाही. आज विसरून धावली. मी असा ओरडलो की ती जागच्या जागी थांबली. अंघोळीनंतर मी हाका मारल्या तर म्हणाली, "नाही येत बाबा, वास येत असन अजून." शहाणी आहे. पण मला रडू आलं, ते लिहून ठेवतो.

२७ सप्टेंबर

दूध बंद करून पाहिलं. गहू बंद केला. अंडी, तलावातले मासे, शेंगदाणे. एखादी गोष्ट बंद केली की दोन-चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. बंद केलेलं परत सुरू करायची मात्र माझी हिंमत होत नाही. न जाणो, त्यानेही होत असेल.

शाळेचा फ्रॉक तिच्या अंगात हेलकावे खातो आहे. डिंपल माझ्याशी कामापुरतं बोलते. काल म्हणाली, "बिमारीनं नाही मरत ते. तुमी उपाशी मारून राहिले तिले." मी ताट ढकललं. मीही जेवत नाही धड, हे तिला दिसत नाही.

आचल मात्र माझ्या बाजूने आहे. रोज संध्याकाळी स्वतःच विचारते, "बाबा, आज कमी झालं ना?" मी दिवसभर पाहिलेलं खरं खरं सांगतो. कमी असलं तर तिचं तोंड फुलतं. जास्त असलं तर म्हणते, "उद्या नाही करत मी." लेकराने इतकी साथ दिल्यावर बापाने हार मानून कसं चालेल?

४ ऑक्टोबर

आज देवाने रस्ता दाखवला.

डिंपल शेतात निंदायला जाते तेव्हा शाळा सुटल्यावर आचल मागच्या घरच्या वच्छलाकाकूकडे थांबते. काकू एकट्या असतात, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून विकतात. आता दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतील, गावोगावी पाहुण्यांच्या पंगती उठतील, म्हणून त्यांना मान वर करायला वेळ नाही. दारातून उजेड येतो तिकडे तोंड करून त्या बसतात आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून आचल पानं पुसून देते.

मी सहज विचारलं, "काकू, इथं आचलचं ते मान झटकणं, आवाज काढणं, कितीक होते?"

"मले त काही दिसलं नाही बा," त्या म्हणाल्या.

"मिचकावणं?"

"नाही दिसलं."

मी तिथेच खाली बसलो. रोज इतका वेळ पोरगी तिथे असते आणि काहीच होत नाही! म्हणजे रोग आमच्या घरात आहे आणि उपाय या घरात. फक्त काय वेगळं आहे ते ओळखायचं. निरोगी बांधी आणि रोगट बांधी शेजारी शेजारी असल्या तर कारण सापडायला वेळ लागत नाही.

९ ऑक्टोबर

काकूंच्या विहिरीचं पाणी आणतो आहे. आमच्या बोरच्या पाण्यात काहीतरी असणार. काकूंची चूल लाकडाची, म्हणून गॅस बंद करून परसात चूल मांडली. त्यांची जमीन शेणाने सारवलेली, आमच्याकडे फरशी. आचल झोपते त्या खोलीतल्या फरशीवर माती टाकून सारवून घ्यायचं काढलं तेव्हा डिंपल कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्याइच्या छपराचे कवेलू पन घेऊन या. आन त्याइची शेळी."

मी हसलो नाही. ती पण हसली नाही.

इतकं करून फरक शून्य. संध्याकाळी सारवलेल्या जमिनीवर तिला बसवलं, समोर कंदील ठेवला आणि मी पाहत बसलो. डोळे, मान, आवाज, आता नवीन खांदासुद्धा. दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून बसली होती. "दुखते का?" विचारलं तर "नाही" म्हणाली.

१३ ऑक्टोबर

आज स्वतःच काकूंकडे जाऊन बसलो, आचलच्या अगदी समोर. तिथे तिच्यात काय बदल होतो ते माझ्या डोळ्यांनी पाहायला.

तिथेही सुरू झालं. पानं हातातून पडत होती, दोन फाटली. मी म्हटलं, "सावकाश, मी काही बोलत नाही, फक्त पाहून राहिलो." तरी थांबेना. शेवटी काकू माझ्यावरच वैतागल्या. "तू जाय बा घरी. पाने खराब होऊन राहिले माहे."

मी बाहेर येऊन विचार केला. म्हणजे मीच तिथे काहीतरी घेऊन गेलो. अंगावरचा वास अंघोळीने जात नाही, कातडीत मुरला असणार. दुकान सोडावं का? दुकान सोडलं तर खायचं काय? एक बांधी धानावर चार माणसं जगत नाहीत. तरी सोडीन, पोरीसाठी तेही करीन. पण त्याआधी एकच गोष्ट बंद करायची राहिली आहे. ती लिहायलाही हात धजत नाही.

२५ ऑक्टोबर

भात.

दिवाळी झाली, लवकर निघणारा हलका धान कापून झाला. गेल्या वर्षीसारखं याही धानावर मीच फवारलं होतं, माझ्या हाताने, माझ्या सल्ल्याने. आचल दोन्ही वेळ भात खाते. दुसरं तिच्या ताटात उरलंच काय आहे? म्हणजे उरला तोच.

गोंदियाच्या मातीत जन्मून लेकराचा भात बंद करणारा बाप मी पहिलाच असेन. मायने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. डिंपल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आचलला मी ज्वारीची भाकर आणून दिली. तिने ती पाण्यात भिजवून खाल्ली.

आज तिने "कमी झालं ना" विचारलं नाही.

२ नोव्हेंबर

आज लिहिलंच पाहिजे. नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

आज आमच्याकडे नवं खायचा दिवस होता. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवायचा आणि घरच्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचा. एकही ताट कमी नको, ही आमच्या घरची रीत. वाफ घरभर पसरली होती. तीन ताटांत भात, एका ताटात भाकर. माय हात आखडून बसली. "नातीच्या ताटात नाही त माया तोंडात नाही जात."

आचल म्हणाली, "आजी, तू खाय. मले भातानं होते." आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर बोलले ना, अशा नजरेने. मी मान हलवली. मी मान हलवली.

जेवणानंतर ती दिसली नाही. हाका मारत मी मागच्या गल्लीने वच्छलाकाकूंकडे गेलो. त्यांच्या मागच्या कुडाच्या भिंतीला फट आहे. आवाज आला म्हणून थांबलो आणि फटीतून पाहिलं.

काकू नेहमीसारख्या दाराकडे तोंड करून पत्रावळी टाचायच्या काड्या सोलत होत्या. त्यांच्या पाठीमागे आचल बसली होती. समोर पत्रावळीवर भाताचा ढीग आणि त्यावर पिवळं वरण, लाखोळीचं. ती खात होती, किती दिवसांची भुकेली माणसं खातात तशी. आणि सगळं चालू होतं. मान झटकत होती, डोळे मिचकत होते, खांदा उडत होता, हुं, हुं, आमच्या घरी होतं तसंच. काकूंना पाठीला डोळे नाहीत, आणि आवाज त्यांना म्हशीच्या रवंथाइतकाही खटकत नव्हता. आचल शाळेतल्या कोणाची तरी गंमत सांगत होती, मधे मान झटकायची आणि गोष्ट पुढे न्यायची. काकू म्हणत होत्या, "मंग?" आणि ती हसत होती. तिचं हसणं मी पोळ्यानंतर ऐकलंच नव्हतं.

मला काय वाटायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की, भात! चोरून भात! म्हणूनच कमी होत नव्हतं! मी मागचं दार ढकलून आत घुसलो.

तिने मला पाहिलं. हसणं तिथेच मेलं. डोळे ताठ झाले, मान दोन्ही हातांनी धरावी तशी खांद्यांत ओढून घेतली, श्वास रोखला. सगळं थांबलं, एकदम थांबलं. माझ्यासमोर ती किती जोर लावून थांबवते ते मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मग तिने तोंडातला घास ओंजळीत काढला, ती ओंजळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "नाही गिळला बाबा. पाहा, नाही गिळला."

काकू मागे वळून म्हणाल्या, "अरे, काऊन असा धावून आला? पोरगी जेवून राहिली न!"

तिच्या ओंजळीतला तो घास मी घेतला. टाकायला जागा दिसेना. मी तो माझ्या तोंडात टाकला आणि गिळला. नवा भात, गोड होता.

३ नोव्हेंबर

दुकानात गेलो. कवडू म्हणून एक म्हातारा करपलेला चूड घेऊन आला. फाकवून पाहायला घेतला आणि माझे हात थांबले. उपटलेला चूड होता तो. रोग बरा झाला तरी तो परत मातीत लागणार नव्हता. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

डिंपलला म्हटलं, सगळं परत आण. दूध, गहू, अंडी, लाखोळी. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "कवाच आनून ठेवलं. वच्छलाकाकूच्या घरी." म्हणजे तो भातही आमच्याच घरचा होता. मायनेच पदराखाली नेऊन दिला असणार, आणि मला संशय येऊ नये म्हणून ती हात आखडून बसली होती, आपलं नाटक वठवत. सगळं गाव शेतात आणि मी एकटा धुऱ्यावर.

डॉक्टरचं बरोबर होतं असं मी लिहिणार नाही. त्याने मला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. पुढच्या आठवड्यात आचलला पुन्हा दाखवू, वजन फार उतरलं आहे. या वेळी डिंपल बोलेल आणि मी बाहेर बाकावर बसेन.

९ नोव्हेंबर

आज आमच्या गावची मंडई. घरात पाहुणेच पाहुणे, अंगणात पंगत. आचल पंगतीला बसायला तयार नव्हती. अनोळखी माणसांपुढे ती अजूनही ताठ होते. डिंपलने माझ्या हातात दोन पत्रावळी दिल्या, भाताचं पातेलं, आमचं मोठं गंज, दिलं, वर वरण ओतलं आणि म्हणाली, "मागं जाऊन जेवा दोघं."

तणसाच्या ढिगाजवळ बसलो. सवयीने तिच्या समोरच बसलो होतो. घास घेताना ती माझ्याकडे पाहू लागली आणि मानेत ते ताठणं मला दिसलं. मी उठलो आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.

"बाबा, तिकडं तोंड करून काऊन बसले?"

"ऊन डोळ्यावर येते."

खोटं बोललो. ऊन माझ्याच तोंडावर होतं.

ती सरकत आली आणि तिची पाठ माझ्या पाठीला टेकली. माझ्या अंगावर दुकानाचा सदरा होता, सकाळी दुकानातून तसाच घाईत आलो होतो. ती बाजूला झाली नाही, मीही उठलो नाही.

मग ती बोलायला लागली. मंडईच्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, योगराजकाका बाई झाला होता, नाचता नाचता त्याची साडी सुटली आणि तो तशीच हातात धरून गात राहिला, ते सगळं तिने मला सांगितलं. मधे मधे हुं, हुं. तिची मान झटकली की माझ्या पाठीला हलकासा धक्का बसायचा. दर वेळी माझी मान आपोआप वळायला निघायची. मी ती धरून ठेवायचो. किती कठीण असतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करून पाहिलं.

कमी होतं की जास्त, मला सांगता येणार नाही. मी पाहत नव्हतो.

"बाबा, अजून भात घेऊ?"

मी न वळता गंज मागे सरकवलं.